अंजिराची ढेप

आमच्या डायलिसिस युनिटला येणाऱ्या कुठल्याही पेशंटला विचारा, काल किती पाणी प्यायलात, तर तो मिलीलिटरमध्ये उत्तर देतो. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाला दिवसाला साधारण एक लिटर. चहा, वरण, ताक सगळं त्यातच धरायचं. तेही नंदुरबारच्या मे महिन्यात. शिवाय केळं बंद, पपई बंद. निकामी किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नाही, आणि ते रक्तात चढत गेलं की हृदय बंद पडतं. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात, जिथे बांधाबांधाला केळी नि पपई, तिथल्या माणसाला हे सांगताना मलाच कसंतरी होतं. शिंदखेड्याकडचा एक शेतकरी दर खेपेला तेच विचारतो, "पानी बंद, केयी बंद, आते काय हवा खावानी का?"

मी डायलिसिस टेक्निशियन. ख्रिस्ती आहे हेही आधीच सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गुरुजी सोमवार-बुधवार-शुक्रवारचे, सकाळच्या शिफ्टचे. नवापूर तालुक्यातले, मावची आदिवासी. आश्रमशाळेतून रिटायर झालेले आणि गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील', म्हणजे पुढारी. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या बाकावर गाडीची वाट बघत बसायचे म्हणून ते म्हणायचे, "भाऊ, मी पण त्या स्टेशनासारखाच. निम्मा इकडे, निम्मा तिकडे." सुई लावताना डोळे मिटून घ्यायचे, ओठ हलायचे. पाण्याचा हिशोब एका छोट्या वहीत. एकदा मला विचारलं, प्रभूभोजनाच्या पेल्यातला द्राक्षरस लिटरमध्ये धरायचा का? मी म्हटलं, घोटभर तर असतो, सोडून द्या. त्यांनी सोडला नाही. रविवारच्या पानावर मी स्वतः वाचलंय: चहा 80, गोळ्यांबरोबर 50, प्रभूभोजन 10.

असा माणूस शुक्रवारी आला नाही. फोन लागला नाही. सोमवारीही नाही.

मंगळवारी संध्याकाळी शेवटची शिफ्ट उतरवून मी मशिनी डिसइन्फेक्शनला लावत होतो, तेव्हा त्यांना बोलेरोतून आणलं. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसलेले. आडवं होताच येत नव्हतं, फुप्फुसात पाणी भरलेलं. ऑक्सिजन 78, बीपी 210 वर 110. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाई वयाने लहान, पण त्यांनी रिपोर्टची वाट बघितली नाही. ईसीजी काढला, टी वेव्ह तंबूसारख्या उभ्या नि क्यूआरएस रुंद झालेला बघितला, म्हणजे पोटॅशियम चढल्याच्या खुणा, आणि हृदय सांभाळायला सरळ कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू केलं. पोटॅशियमचा रिपोर्ट नंतर आला, 7.6, जिवावर बेतणारा. आमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, आठवड्यातून एकदा येतात. त्या रात्री ते फोनवर होते आणि बाकी आम्ही दोघं. मोठमोठे डॉक्टर अशा वेळी रिपोर्ट आल्याशिवाय हात लावत नाहीत, हेही मी बघितलंय.

आता माझ्या कामाचं. एका डायलिसिसला मशीन मिनिटाला 500 मिली द्रव फिरवते, म्हणजे चार तासांत 120 लिटर शुद्ध पाणी. ते आरओ प्लांटमधून यावं लागतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, उन्हाळ्यात त्यात टँकरची भर. जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला वेळेवर मीठ दिलं नाही की आरओची गाळणी, म्हणजे मेम्ब्रेन, बसलंच. आणि क्लोरीन नीट निघालं नाही तर ते रक्तातल्या लाल पेशी फोडतं. घरी जाताना साठवण टाकी भरून ठेवायची, ही माझी सवय. सहकारी हसतात. पाणी साठवू नये, असंही एकाने मला शिकवलं होतं. साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात हे त्याचं कारण, म्हणून ते तपासत राहावं लागतं. त्या रात्री टाकी भरलेली होती म्हणून प्लांट सुरू व्हायची वाट न बघता मशीन प्राइम, म्हणजे भरून तयार, करता आलं.

हात सुजलेला. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावायला हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवली की एक बारीक थरथर लागते, तिला आम्ही थ्रिल म्हणतो. ती लागली नाही तर पुढे काहीच नाही. सुजेच्या खाली मला ती हरवल्यासारखी वाटली. मग कोपराकडून हळूहळू दाबत खाली आलो आणि सुजेतलं पाणी बोटांनी बाजूला सारलं, तेव्हा लागली. बसलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात 16 नंबरच्या दोन सुया एकेका प्रयत्नात गेल्या. याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पहिल्या बैठकीत 3 लिटर काढले. त्यापेक्षा जास्त ओढलं असतं तर बीपी कोसळलं असतं. तासाभराने गुरुजींनी पहिल्यांदा पाठ टेकवली.

मावशी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दाराशी उभ्या होत्या. "सभेला नेलं होतं," एवढंच म्हणाल्या.

चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायची सभा. बाहेरगावचा प्रचारक, मोठा मांडव, मोठे कर्णे. असे लोक आमच्या भागात येत राहतात. मी काही प्रार्थनेने बरं होण्यावर विश्वास नाही असा माणूस नाही. आजाऱ्यासाठी वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रातच आहे आणि गुरुजींनी ती कितीकदा केली आहे. पण मांडवातली गोष्ट वेगळी असते. तिथे बरं झालेलं लगेच, माईकवर दिसावं लागतं. राग आलेला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

मला वाटलं होतं, त्या भरात गुरुजींना खरंच वाटलं असणार की आपण बरे झालो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बैठकीला ते नीट बोलू लागले, तेव्हा कळलं की तसं नव्हतं.

त्यांना स्टेजवर बोलावलं, कारण ते वडील, सगळे ओळखतात. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. शेजारी एक तरुण बाई, कडेवर सिकलसेलचा मुलगा. लाल पेशींचा हा आनुवंशिक आजार आमच्या जिल्ह्यात चांगलाच ओळखीचा आहे. प्रचारकाने विचारलं, "काही वाटतंय?" गुरुजी काहीच बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याला लोकांनी हो धरलं, टाळ्या झाल्या, आणि ती बाई रडायला लागली.

"तिच्यासमोर कसं सांगणार होतो, भाऊ, की मला काही वाटलं नाही?"

घरी आल्यावर गावभर झालं, गुरुजी बरे झाले. शुक्रवारी पहाटे डायलिसिसची पिशवी घेऊन स्टेशनला निघायचं तर ओट्यावर बसलेली माणसं बघणार. पिशवीत काय असतं हे सगळ्या गावाला माहीत. म्हणून ते घरीच राहिले. सोमवारीही. मावशींना म्हणाले, बघू. वही मात्र लिहीतच होते. सोमवारच्या पानावर पाणी 400 होतं. त्यांनी पिणं जवळजवळ सोडलंच होतं, म्हणजे शरीर काय करतंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी बोलून गेलो, "गुरुजी, हा विश्वास झाला की लोकलाज?"

ते हसले आणि हिज्कीयाची गोष्ट सांगितली, जशी शाळेत सांगत असतील तशी, प्रश्न विचारत विचारत. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. देवाने त्याला किती वर्षं वाढवून दिली? पंधरा. वचन मिळालं होतं ना? मग यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराची ढेप का बांधायला लावली? आणि पौलाने त्रफिमला मिलेतात आजारी सोडलं, ते काय त्या दोघांचा विश्वास कमी म्हणून? "हे मला सगळं पाठ होतं," ते म्हणाले. "मंडळीला मीच शिकवलंय. त्या मांडवात यातलं काही तोंडून निघालं नाही."

यावर मी खूप विचार केला. आमच्या मंडळ्यांमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहतो तो बरा झालेला माणूस. नोकरी लागली, मूल झालं, कर्ज फिटलं. आठवड्यातून तीन वेळा सुया टोचून घेऊन वर्षानुवर्षं तसाच राहिलेला माणूस साक्षीला उभा राहिलेला मी बघितला नाही. त्याच्या साक्षीला शेवटच नसतो. पाळकांना ते अवघड जातं, आम्हा ऐकणाऱ्यांनाही जातं. पौलाने देहातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो राहिलाच, यावर उपदेश खूप ऐकलेत. पण असा काटा असलेला, आपल्या ओळखीचा माणूस पुढे उभा राहिला की मंडळी चुळबुळ करते.

पोटॅशियम खाली आल्यावर गुरुजींनी पहिल्यांदा चौकशी केली ती त्या मुलाची. मावशींना त्याच दिवशी मुलाच्या आईच्या पाड्यावर पाठवलं. आईने मुलाच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सभेच्या रात्रीच बंद केल्या होत्या, देवावर अविश्वास नको म्हणून. "गुरुजी मशीनवर आहेत, तू गोळ्या दे," एवढा निरोप. तिने सुरू केल्या. पण रागावली, असं मावशी म्हणाल्या. गुरुजींनी फसवलं असं तिला वाटतं. गुरुजींना हे मान्य आहे, आणि मला ते मान्य करवत नाही.

आता ते पुन्हा सोमवार-बुधवार-शुक्रवार येतात. मागच्या खेपेला सुया लावून झाल्यावर म्हणाले, मंडळीत उभं राहून सांगणार आहे: हा हात मशीनवर जातो, पुढेही जाईल. सभेवाल्यांचा फोन येऊन गेलाय, असं काही बोलू नका, लोकांचा विश्वास डळमळेल. पाळकांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. गुरुजींना मी बरोबर यायला हवाय. मशीन काय करते ते मी सांगायचं, बाकीचं ते बोलतील.

मशीनचं मी झोपेतही सांगेन. पण तिथे कुणीतरी उठून विचारणारच, तुम्हीही विश्वासणारे ना, मग गुरुजी बरे होतील का? डायलिसिसने किडनी बरी होत नाही, हे मला माहीत आहे. गुरुजींसाठी मी प्रार्थना करतो हेही खरं आहे. दोन्ही एका दमात, मावची नि मराठी बोलणाऱ्या मंडळीसमोर, त्या मुलाच्या आईच्या देखत कसं बोलायचं, ते अजून जुळत नाही. उपासना रविवारी असते आणि रविवारी आमचं युनिट बंद. ड्यूटीचं कारणही देता येत नाही.