घरी बसवलेले शिफ्ट किट आणि वाटेत अडकलेले पार्सल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये शिफ्ट किट, म्हणजे गिअर लवकर आणि ठामपणे पडावेत यासाठीचा सुट्या भागांचा संच, घरच्या घरी बसवता येते. हात स्वच्छ, जागा स्वच्छ आणि मन शांत असेल, तर हे काम कोणत्याही अभ्यासू गाडीमालकाच्या आवाक्यातले आहे. तरीही किट परदेशातून मागवून सोडवून आणताना मला जो मनस्ताप झाला, त्याच्या निम्माही गाडीखाली आडवे पडून झाला नाही, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी जुनी, जपानी आणि मागच्या चाकांवर चालणारी असून तिचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आयसिनच्या ए३४० मालिकेतला आहे. याच घराण्यातला एडब्ल्यू४ हा गिअरबॉक्स 1987 पासून जीप चेरोकीमध्ये बसवला जात असे, त्यामुळे अमेरिकेत त्याची किट अजूनही सहज मिळतात. आम्ही गोव्यातल्या डिचोलीकडचे, साखळी, केरी करत चोर्ला घाट चढून बेळगाव गाठणे हा आमचा नेहमीचा प्रवास. गाडी भरलेली असताना घाटात दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना इंजिनाचा आवाज आधी वर जायचा आणि ओढ मागाहून यायची. हा बिघाड नव्हता. गिअर बदलताना प्रवाशाला धक्का जाणवू नये, म्हणून तेलाचा दाब ॲक्युम्युलेटरच्या स्प्रिंगांवर मुद्दाम सावकाश वाढवलेला असतो आणि तेवढा वेळ क्लच प्लेटा एकमेकींवर घसरत राहतात. या घसरण्यातून उष्णता निर्माण होते. तीच उष्णता पुढे तेल काळे करते आणि प्लेटांचे अस्तर जाळते. शिफ्ट किटमधल्या निराळ्या स्प्रिंगा आणि सेपरेटर प्लेटमधली, म्हणजे तेलाच्या वाटा विभागणाऱ्या पत्र्यातली, मोठी केलेली छिद्रे हा वेळ कमी करतात. एक गोष्ट मात्र येथेच स्पष्ट करतो: डिपस्टिकवरच्या तेलाला जळका वास येत असेल, तर किट मागवू नये, कारण झिजलेल्या प्लेटा कोणत्याही स्प्रिंगने बऱ्या होत नाहीत.

किट निवडणे, पैसे भरणे आणि पार्सल मुंबईत पोहोचणे हे सगळे सुरळीत पार पडले. पुढे कुरिअर कंपनीकडून ग्राहक ओळखीचा अर्ज आला आणि सगळे तेथेच थांबले.

अर्जात इमारतीचे नाव आणि रस्त्याचे नाव असे दोन रकाने सक्तीचे होते. आमच्या गावात घराला पंचायतीने दिलेला क्रमांक असतो, त्यापुढे वाड्याचे नाव येते, मग गाव आणि तालुका; रस्त्याला नाव नसते आणि घराला इमारत म्हणण्याची पद्धत नाही. रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नसे, आणि त्यात 'लागू नाही' असे लिहिले की दुसऱ्या दिवशी पत्ता आधार कार्डाशी जुळत नसल्याचा ईमेल येत असे. त्या ईमेलला उत्तर पाठवले, तर ते उत्तर कोणी वाचत नाही अशी सूचना देणारा आणखी एक ईमेल यायचा. विक्रेत्याने पार्सलवर माझ्या नावातले वडिलांचे नाव आद्याक्षराने लिहिले होते आणि आधार कार्डावर ते पूर्ण आहे, म्हणून हीच व्यक्ती ती आहे असे स्वहस्ते लिहून देण्याची मागणी झाली. तेही मी दिले. त्यानंतर वस्तूच्या वर्णनावर प्रश्न निघाला. कागदावर 'ट्रान्समिशन किट' असे शब्द होते, त्यावरून हा अख्खा गिअरबॉक्स असावा असा समज झाला आणि माझ्याकडे आयात-निर्यात कोड मागण्यात आला. जेमतेम मूठभर वजनाच्या पुडक्यात गिअरबॉक्स मावत नाही, हे त्याच कागदावरचे वजन वाचले असते तरी लक्षात आले असते. शिवाय, व्यापाराशी संबंध नसलेल्या, वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालाला तो कोड लागत नाही, हे परकीय व्यापाराच्या नियमांतच लिहिलेले आहे. मी ते कळवले. त्यावर पोच आली, उत्तर आले नाही.

या सर्व काळात गोदामभाडे वाढत होते. माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून असताना त्या दिवसांचे भाडे माझ्या नावावर चढावे, याचा राग मला आजही येतो. त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली, आणि गोव्यात चवथीच्या आसपास कोणतेही काम पुढे सरकेल अशी आशा कोणी ठेवत नाही. आलेले किट डिलिव्हरीवाल्याच्या कपाटातही पडून राहू शकले असते. म्हणून मी सणाआधीचा सगळा वेळ फोनवर घालवला. अखेरीस फोनवर एक मराठी बोलणारी कर्मचारी भेटली. तिने माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि इमारतीच्या रकान्यात पंचायतीचा घर क्रमांक, रस्त्याच्या रकान्यात वाड्याचे नाव आणि वर्णनात 'स्प्रिंगा, व्हॉल्व्ह, चेक बॉल व पॅकिंग, वैयक्तिक वापरासाठी' असे शब्द घालायला सांगितले. त्याच संध्याकाळी अर्ज मान्य झाला. एवढी सूचना अर्जाच्या रकान्याखाली एका ओळीत छापलेली असती, तर माझा आणि त्यांचा दोघांचाही वेळ वाचला असता.

तेव्हा मागणी नोंदवतानाच विक्रेत्याला आधारवरचे पूर्ण नाव द्यावे, पावतीवर 'किट' शब्दाऐवजी सुट्या भागांची नावे लिहायला सांगावीत आणि गिअरबॉक्सचे भाग सीमाशुल्काच्या दरपत्रकात 8708 या शीर्षकाखाली येतात हे लक्षात ठेवावे. शुल्काचा हिशेबही आधी समजून घेतलेला बरा. मालाच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर सीमाशुल्क लागते, त्यावर अधिभार चढतो आणि या सर्वांच्या बेरजेवर आयजीएसटी आकारला जातो. लहान वस्तूचे वाहतूकभाडे वस्तूच्या मानाने मोठे असते, त्यामुळे शेवटचा आकडा डोळ्यांत भरतो. सीमाशुल्काच्या कागदाची प्रत मागून घ्यावी. मी मागितली म्हणूनच मला ती मिळाली.

किट आणि सगळी पॅकिंग टेबलावर येईपर्यंत मी गिअरबॉक्सच्या एकाही बोल्टला पाना लावला नाही, आणि हा निर्णय माझ्या दृष्टीने संपूर्ण कामातला सर्वांत शहाणपणाचा ठरला. पावसाळ्यातल्या आमच्या दमट हवेत पोलादाचे उघडे भाग फार लवकर तांबूस होऊ लागतात, आणि क्लचच्या कागदी अस्तराला पाणी अजिबात सोसत नाही. उघडलेला गिअरबॉक्स त्या पार्सलची वाट पाहत राहिला असता, तर नुकसान किटच्या किमतीपेक्षा मोठे झाले असते.

प्रत्यक्ष काम सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर, चारही चाकांजवळ गाडीच्या सांगाड्याखाली स्टँड लावून केले. पावसाने मऊ झालेल्या मातीवर जॅक रुततो, म्हणून अंगणातली मोकळी जागा मी टाळली. तेल काढले, दहा नंबरच्या पान्याने चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची थाळी, उतरवला, चाळणी काढली. तेलाच्या नळ्या पेचकसाने हळूहळू, दोन्ही टोकांना आलटून पालटून उचकटाव्या लागतात. घाई केली तर त्या वाकतात. व्हॉल्व्ह बॉडीचे, म्हणजे तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या ठोकळ्याचे, बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवला. बॉडी खाली घेताना ॲक्युम्युलेटरचे पिस्टन आणि स्प्रिंगा सोबत घसरून येतात, तेव्हा दुसरा माणूस जवळ हवाच. माझा पुतण्या होता.

सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या तेलाच्या व्हॉल्व्हच्या, तारांना सुटे करण्याआधीच चिठ्ठ्या लावाव्यात. या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरसाठी फक्त पहिला सोलेनॉइड चालू असतो, दुसऱ्यासाठी दोन्ही, तिसऱ्यासाठी फक्त दुसरा आणि चौथ्यासाठी दोन्ही बंद. या दोन तारांची अदलाबदल झाली, तर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सुटेल आणि जिथे तिसरा पडायला हवा तिथे पहिला पडेल. घाटातल्या उतारावर याचा परिणाम काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

व्हॉल्व्ह बॉडीचे दोन भाग वेगळे केल्यावर उजेडात फोटो काढले आणि प्रत्येक चेक बॉलची (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या गोळीची) जागा सूचनापत्राशी ताडून पाहिली. सेपरेटर प्लेटचे छिद्र मोठे करताना खाली सपाट लाकूड ठेवले आणि दोन्ही बाजूंची कड बारीक दगडाने घासून गुळगुळीत केली, कारण पत्र्याची एक सुटी किनार व्हॉल्व्हला कायमची अडकवू शकते. चेक बॉल जागी धरून ठेवण्यासाठी व्हॅसलीन वापरावे. साधे ग्रीस तेलात विरघळत नाही आणि बारीक वाटा बुजवते. पुसण्यासाठी जुने सुती धोतर किंवा बनियन घेऊ नये. त्याचे धागे तेलासोबत थेट सोलेनॉइडपर्यंत जातात.

व्हॉल्व्ह बॉडीच्या बोल्टांना सुमारे 10 न्यूटन मीटर इतकाच ताण द्यायचा असतो. मोटारीच्या गॅरेजमधला टॉर्क रेंच चाकांच्या नटांसाठी असतो आणि एवढा खाली मोजत नाही. लहान मापाचा रेंच मला दुचाकी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या फिटरकडे मिळाला. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की हौस महागात पडते, त्यामुळे अंदाजाने पाना फिरवू नये. चेंबर बसवण्याआधी हाताची लिव्हर मॅन्युअल व्हॉल्व्हच्या खाचेत नीट अडकली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचेच भरले आणि इंजिन चालू ठेवून लिव्हर सर्व जागांवरून सावकाश फिरवली. पातळी तेल 70 ते 80 अंशांपर्यंत तापल्यावर, इंजिन सुरू असताना आणि लिव्हर पार्कमध्ये ठेवून पाहायची असते. न्यूट्रलवरून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडीने 1.2 सेकंदांच्या आत ओढ घ्यावी आणि रिव्हर्समध्ये 1.5 सेकंदांच्या आत, असा टोयोटाच्या मॅन्युअलमधला दंडक आहे. माझ्या गाडीने त्याहून बराच कमी वेळ घेतला आणि मला मनापासून समाधान वाटले. चोर्ल्यात आता दुसऱ्यावरून तिसरा गिअर ठामपणे पडतो. हलका झटका जाणवतो. ज्यांना तो खपणार नाही, त्यांनी सूचनापत्रातली मवाळ मांडणी निवडावी, छिद्र सांगितलेल्या मोठ्या मापापर्यंत नेऊ नये.

जुने तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेले तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवावे. आमची जमीन चिऱ्याची, सच्छिद्र आहे आणि घराची विहीर अंगणापासून चार पावलांवर आहे. बागेत ओतलेले तेल पावसासोबत तिकडेच उतरेल.