पहिली ठासणीची बंदूक आणि माझा उलटा हिशोब

मझललोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वरून गोळी, मग गजाने ठासायचं आणि एक बार उडवायचा. दुसरा बार हवा तर परत पहिल्यापासून. दोन वर्षांपूर्वी मला हे इथे पेनसिल्व्हेनियात आल्यावर कळलं, म्हणजे ऑफिसातल्या एकाने जेवताना सांगितलं की हरणाच्या शिकारीचे ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे सीझन असतात, जंगलात गर्दी कमी असते आणि बंदूकही स्वस्तात मिळते. यातलं "स्वस्तात" एवढंच मी नीट ऐकलं.

हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला होता, लायसन्स होतं. आठवड्याभरात एका माणसाकडून वापरलेली इनलाइन, म्हणजे आजकालच्या धाटणीची ठासणीची बंदूक घेतली, .५० कॅलिबर (म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं), १६० डॉलर, वर स्कोप म्हणजे नेमाच्या दुर्बिणीसकट. घरी आणली, फोटो काढले, भारी वाटलं. आणि मग, बंदूक घेऊन झाल्यावर, निवांत बसून राज्याचे नियम वाचायला घेतले.

तर पेनसिल्व्हेनियात असं आहे की ऑक्टोबरात एक छोटा मझललोडर सीझन असतो, त्यात बिनशिंगाचंच हरीण मारता येतं आणि बंदूक इनलाइन असो की जुनी टोपीची (टोपीवर हॅमर आपटून पेटणारी), चालते. पण नाताळ झाला की जो सीझन सुरू होतो, बर्फातला, ज्याच्याबद्दल तो ऑफिसातला माणूस डोळे मिटून बोलत होता, तो फक्त फ्लिंटलॉकचा. म्हणजे चकमकीची बंदूक, गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडणारी, आणि स्कोप नाही. १९७४ पासून हा सीझन चालू आहे आणि इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे, असणारच, कारण ज्याला सगळे केंटकी रायफल म्हणतात ती लांब नळीची बंदूक मुळात इथल्याच लँकेस्टरच्या बाजूला जर्मन कारागिरांनी घडवली. माझी स्कोपवाली इनलाइन त्या सीझनला काठी म्हणून न्यायच्या लायकीची.

म्हणून कुणी विचारलं की पहिली मझललोडर कुठली घेऊ तर मी आधी उलट विचारतो, कुठल्या राज्यात आणि कुठल्या सीझनला? कोलोराडोत मझललोडर सीझनला स्कोप चालत नाही, प्लास्टिकच्या कपातली सॅबो गोळी चालत नाही, दारूच्या तयार पेलेट चालत नाहीत. तिथला माणूस दुकानातलं चकाचक पॅकेज घेऊन आला तर अर्धं सामान परत करावं लागेल. नियमांचं पुस्तक फुकट असतं, आणि ते दरवर्षी बदलू शकतं, तेव्हा शेजाऱ्याच्या तोंडी नियमांवर जाऊ नका.

कायद्याचं एक अजून. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमधे काळ्या दारूसाठी किंवा तिच्या पर्यायांसाठी बनवलेली आणि काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक साधारणपणे "अँटिक" धरली जाते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती कुरियरने थेट घरी येते. पण हा केंद्राचा कायदा झाला, राज्यं आपापलं बघतात, शेजारच्या न्यू जर्सीत तिला इतर बंदुकांसारखेच कागद लागतात. आणि तुम्ही व्हिसावर असाल तर माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याचं ऐकू नका, वकिलाला विचारा.

आता बंदुकांकडे. ढोबळ तीन प्रकार.

इनलाइन म्हणजे आजकालची. शॉटगनच्या काडतुसात असतो तो २०९ प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी छोटी टिकली, बरोबर दारूच्या मागे बसतो, आग सरळ आत जाते, फुसका बार क्वचित. १९८५ मधे मिसूरीच्या टोनी नाइटने एमके-८५ काढली तेव्हापासून हा प्रकार जोरात चालला. नवीन घ्यायची तर सीव्हीए वुल्फ किंवा ट्रॅडिशन्सची बकस्टॉकर, दोन्ही मधून मोडून उघडतात, दोन्ही कमी बजेटवाल्यांसाठीच आहेत आणि हरणाला दोन्ही पुरेशा आहेत. यात जास्त डोकं लावू नका, खरंच. एकच बघा, मागचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारं आट्यांचं बूच, हाताने निघतो का. माझ्या १६० डॉलरवालीचा निघत नव्हता, आधीच्या मालकाने ग्रीस न लावता बसवून टाकला होता आणि आत काजळी धरून तो नळीशी एकजीव झालेला. तीन दिवस पेनिट्रेटिंग ऑइल, मग पाना, मग पान्यावर पाइप, आणि शेवटी जो आवाज आला तो प्लग सुटल्याचा होता हे माझं नशीब. आता दर वेळी आट्यांना अँटिसीझ ग्रीस, म्हणजे आटे घट्ट धरू न देणारं.

दुसरा प्रकार टोपीचा, पर्कशन. बाजूला हॅमर, खाली निपल नावाची बारीक नळी, त्यावर पितळी टोपी बसवायची. थॉम्पसन सेंटरची हॉकन १९७० मधे आली आणि इतकी खपली की सेकंडहँडमधे अजूनही भेटत राहते. तुमच्या राज्यात चालत असेल तर माझ्या मते कमी पैशात सगळ्यात समाधान देणारी बंदूक हीच, दिसायलाही सुरेख आणि साफ करायला सोपी, खुंटी काढली की नळी दस्त्यापासून वेगळी होते.

तिसरी फ्लिंटलॉक. हिच्यात मात्र स्वस्ताईचा नाद सोडा. स्वस्त इनलाइन आणि महाग इनलाइन दोन्ही बार उडवतात, स्वस्त फ्लिंटलॉक नुसती ठिणगीची चेष्टा करते. लॉकची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग ढिली असेल, फ्रिझन, म्हणजे गारगोटी घासते ते पोलाद, नीट कडक केलेलं नसेल तर गारगोटी कितीही बदला, चार मरतुकड्या ठिणग्या पडतात आणि हरीण उभं राहून बघतं.

नळीतल्या पिळाचं गणित आधी समजून घ्या. आतल्या खाचा किती इंचात एक पूर्ण फेरा घेतात तो आकडा. १:२८ म्हणजे २८ इंचात एक फेरा, हा लांबट गोळीला आणि सॅबोला. कापडात गुंडाळलेली गोल शिशाची गोळी मारायची तर सावकाश पीळ हवा, लायमनच्या ग्रेट प्लेन्सला १:६० आहे. १:४८ हा मधला मार्ग, हॉकनमधे तोच, दोन्ही बऱ्यापैकी चालवून घेतो. मी इनलाइनमधून गोल गोळ्या मारायचा हट्ट केला होता, पैसे वाचवायला, आणि पन्नास यार्डांवर कागदावर जे उमटलं त्याला ग्रुप, म्हणजे भोकांचा एका जागी पुंजका, म्हणायचं तर विखुरलेल्या तांदळालाही रांगोळी म्हणावं लागेल. कॅलिबर .५० घ्या, गोळ्या-कापड-सगळं सामान सहज मिळतं, विषय संपला.

सेकंडहँड घ्यायला जाल तेव्हाची गोष्ट सांगतो. फ्लिंटलॉक शोधत एका घरी गेलो. वडिलांची बंदूक, वीस वर्षं भिंतीवर, आता जागा हवी म्हणून विकायची. माझ्याबरोबर रेंजवर ओळख झालेले एक आजोबा आले होते. मी दस्त्यावरचं पितळ बघत होतो, त्यांनी बंदूक हातात घेतली, तोंड कुणाकडे नाही ना बघितलं, गज नळीत सोडला, तोंडाशी जिथे संपला तिथे नखाने धरला, बाहेर काढला आणि तोच गज बाहेरून नळीला लावून धरला. गजाचं टोक खरं तर कानापर्यंत, म्हणजे आग आत जाते त्या भोकापर्यंत यायला हवं. दोन इंच अलीकडे थांबलं. आजोबा काही बोलले नाहीत, परत एकदा मोजलं, मग विकणाऱ्याला शांतपणे म्हणाले की ही भरलेली आहे. वीस वर्षं. दिवाणखान्यात. सोफ्याच्या वर.

ती नंतर रेंजवर नेऊन त्यांनीच कानातून पाणी घालून दारू भिजवली आणि गोळी ओढून काढली. मग आत लाइट सोडून बघितलं तर तळाशी गंज, कापड घातलं की फाटून बाहेर. नको म्हटलं. पण गजाची ती तपासणी मी आता दुकानातल्या नव्या बंदुकीलाही करतो, लोक हसतात, हसू देत. घरी आल्यावर गजावर दोन खुणा करून ठेवल्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची, म्हणजे डबल दारू पडली किंवा गोळी वरच अडकली तर खूण लगेच बोंबलते. गोळी आणि दारूच्या मधे फट राहिली तर नळी फाटू शकते, त्यामुळे ही खूण पाहिजेच.

जुन्या इनलाइन घेणाऱ्यांनी अजून एक बघा. सीव्हीएने १९९५ आणि १९९६ मधल्या आपल्या इनलाइन परत मागवल्या होत्या, सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असतील तर ती कितीही स्वस्त असली तरी हात लावू नका. त्यानंतरच्यांचा याच्याशी संबंध नाही.

शेवटी माझी फ्लिंटलॉक एका निवृत्त माणसाकडून ३७५ ला मिळाली, .५० चीच, नळी आतून आरशासारखी. बायकोने दोन्ही बंदुकांची बेरीज करून दाखवली, ५३५. त्या पैशात सुरुवातीलाच एक बरी नवी फ्लिंटलॉक बघता आली असती, आणि ती ऑक्टोबरातही चालली असती. यालाच मी उलटा हिशोब म्हणतो.

आणि बंदुकीवर खर्च संपत नाही. दारूमाप, शॉर्ट स्टार्टर (गोळी नळीच्या तोंडात ढकलायचा आखूड दांडा), गोळ्या, कापड, गारगोट्या, साफसफाईचं सामान. सगळं धरून माझे अजून दीडशे गेले. खरी काळी दारू सगळ्या दुकानात नसते, मागवली तर वर हॅझमॅटचे, म्हणजे धोकादायक माल पाठवायचे, पैसे पडतात, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागवावी. दारू ग्रेनमधे मोजतात, एका पाउंडात ७००० ग्रेन, मी एका बाराला ७० ग्रेन घालतो, म्हणजे साधारण शंभर बार, तसं महाग नाही. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन हे पर्याय इनलाइनमधे मस्त, पण फ्लिंटलॉकच्या ठिणगीने ते नीट पेटत नाहीत, तिथे खरी काळीच लागते, नळीत टू एफ किंवा थ्री एफ आणि पॅनमधे, म्हणजे कानाशेजारच्या ठिणगी पडते त्या छोट्या वाटीत, बारीक फोर एफ (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). ट्रिपल सेव्हन जोरदार असते, काळ्या दारूपेक्षा १५ टक्के कमी मापाने घालायची. आणि हल्लीच्या काडतुसात असते ती स्मोकलेस पावडर चुकूनसुद्धा नाही, चिमूटभरही नाही, नळी फुटते आणि नळीमागे तुमचं तोंड असतं. दारू डब्यातून थेट नळीत पण ओतायची नाही, आधी मापात घ्यायची, आत निखारा राहिला असेल तर भडका मापाएवढाच होतो, डब्याएवढा होत नाही.

फ्लिंटलॉकचा माझा पहिला बार सांगण्यासारखा आहे कारण तो झालाच नाही. ट्रिगर ओढला, पॅनमधे फस्सकन भडका, डोळ्यासमोर धूर, आणि मग काहीच नाही. मी बंदूक खाली घेणार तेवढ्यात आजोबांनी मागून ओरडून नळी समोर धरून ठेवायला लावली, पूर्ण एक मिनिट, कारण कधीकधी आतली दारू उशिरा पेटते. ते मिनिट फार मोठं होतं. नंतर बघितलं तर कानात तेल साचलेलं, रात्री मीच प्रेमाने लावलेलं. बारीक तारेने टोकरलं, पॅनमधे परत दारू घातली, आणि दुसऱ्यांदा फस्स आणि धाड एकत्र. गोळी कुठे गेली विचारू नका, मी भडक्याला डोळे मिटले होते. चकमकीच्या बंदुकीत ट्रिगर ओढल्यावरही नेम तसाच धरून ठेवावा लागतो, ही सवय लागायला मला ऐंशी-नव्वद बार लागले. त्यातला एकही हरणावर नव्हता.

साफसफाई त्याच दिवशी, कितीही दमलात तरी. काजळी हवेतली ओल ओढते आणि रात्रीतून गंज धरते. महागडं सॉल्व्हंट नको, कढत पाणी आणि भांड्यांचा साबण बास. मी पहिल्यांदा हे किचनच्या सिंकमधे केलं, गंधकामुळे सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि बायकोने दारातून विचारलं की ही बंदूक आहे का गटाराचा पाइप. तेव्हापासून मी, बादली आणि बंदूक गॅरेजमधे. कापड पांढरं निघेपर्यंत घासायचं, कोरडं करायचं, तेल लावायचं, दुसऱ्या दिवशी परत एक कापड फिरवायचं, ते बहुतेक वेळा हलकं तपकिरी निघतंच. आणि पुढच्या वेळी भरायच्या आधी ते तेल पुसून काढायचं, कानातलंसुद्धा.

इनलाइन विकायला काढली होती, पण ऑक्टोबरच्या आठवड्यासाठी ऑफिसातला तोच माणूस उसनी मागतोय. ग्रीसची ट्यूब सोबत देणार आहे.