तुम्ही विचारलेत म्हणून : रिफिलचा दर निम्मा का नाही?

“अर्ध्याच तर गळल्या आहेत, मग पैसेही अर्धेच घ्या ना!” लॅश एक्स्टेन्शनचे, म्हणजे पापणीच्या एकेका केसावर कृत्रिम केस चिकटवण्याचे, काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य पाठ झालेले असते. आजवर मी ते हसण्यावारी नेले. पण हसण्यावारी नेलेल्या प्रश्नाचा अर्थ ‘हिच्याकडे उत्तरच नाही’ असा लावला जातो, म्हणून एकदा नीट लिहिते.

तुम्ही दोन-तीन आठवड्यांनी रिफिलला, म्हणजे गळलेल्यांच्या जागी पुन्हा एक्स्टेन्शन लावून घ्यायला, येता तेव्हा फक्त रिकाम्या जागा भरायच्या असतात, हा समज मुळातच चुकीचा आहे. नैसर्गिक केस रोज एक ते पाच गळतात आणि त्यांच्याबरोबर त्यांना चिकटवलेले एक्स्टेन्शनही जाते, इथपर्यंत तुमचे खरे. परंतु जे शिल्लक असतात त्यांतले बरेचसे, खालचा केस वाढल्यामुळे, पापणीच्या कडेपासून दूर सरकलेले आणि तिरके झालेले असतात. ते एकेक करून काढायचे, पापण्या धुऊन कोरड्या करायच्या आणि नंतर पुरेसा वाढलेला मोकळा केस चिमट्याने शेजारच्या केसांपासून वेगळा धरून त्यावर नवा बसवायचा, असा तो क्रम असतो. माझ्याकडे क्लासिक फुल सेटला (एका केसाला एक एक्स्टेन्शन, असा पूर्ण नवा संच) दोन तास लागतात आणि रिफिलला सव्वा तास. दर निम्मा केला, तर रिफिलच्या प्रत्येक तासाची माझी मिळकत फुल सेटच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटते. आणि दिवसभरात येणाऱ्या बहुतेक जणी रिफिललाच येतात.

“पण सामान असे कितीसे लागते?” थोडेच लागते, हे मी लपवत नाही. ग्लूची बाटली उघडल्यावर महिना-दीड महिन्यात, अर्धी भरलेली असली तरी, टाकून द्यावी लागते, काम चालू असताना त्याचा थेंब दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलावा लागतो, असे खर्च मी मोजून दाखवू शकते. पण त्यांच्या बेरजेने दराचे समर्थन होत नाही, हे मला ठाऊक आहे. दर हा वेळेचा आहे.

हे वेळेचे गणित एका बाईंसमोर मात्र चालले नाही. दुसरीकडे केलेल्या सेटवर त्यांना रिफिल हवे होते. दिव्याखाली पाहिले तर चिमट्याचे टोक शिरायलाही जागा नव्हती. तीन-तीन, चार-चार नैसर्गिक केस ग्लूच्या एकाच गाठीत अडकले होते. प्रत्येक केस आपापल्या गतीने वाढतो, त्यामुळे गाठीतला वाढता केस बाकीच्यांना मुळापासून ओढत राहतो आणि तसे फार दिवस चालले तर तिथला केस विरळ होतो. म्हणून सगळे काढावे लागेल, हे मी सांगितले, काढण्याचा वेगळा दरही सांगितला आणि त्यांनी मान डोलावली. डोळ्यांत ओघळू नये म्हणून क्रीमच्या स्वरूपातले रिमूव्हर लावले, काही मिनिटे थांबले, ब्रशने एकेक गाठ सैल केली, उरलेले पुसले आणि पुन्हा रिमूव्हर लावले. जवळजवळ तासभर हेच चालले होते. काम संपले तेव्हा पापण्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, म्हणून त्याच दिवशी नवा सेट लावायला मी नकार दिला. बाईंनी आरसा घेतला. त्यात त्यांच्या स्वतःच्याच पापण्या होत्या, आखूड आणि मधूनमधून तुटक. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “होत्या त्याही काढून घेतल्यात, आणि वर त्याचेच पैसे?”

त्यांनी पूर्ण पैसे दिले आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. दर आधी सांगितला होता, काम योग्यच होते, नकारही योग्यच होता. तरीही मान डोलावताना आपण नव्या पापण्या घेऊनच बाहेर पडणार, असे त्यांनी गृहीत धरले असणार, हे मला आजही नाकारता येत नाही.

या धंद्यात नवी असताना मी काढण्याचे पैसे घेत नसे. तेव्हाचा माझा युक्तिवाद सरळ होता : माणूस आरशात दिसणाऱ्या बदलाचे पैसे देतो, माझ्या घड्याळाचे नाही. त्यावर आजची मी म्हणते, मग तो तास कोणाच्या खात्यात टाकायचा? यावर ती जुनी मी जे विचारते, ते अधिक अडचणीचे आहे. हात बसल्यापासून फुल सेटला पूर्वीपेक्षा बराच कमी वेळ लागतो. दर जर वेळेचाच असेल, तर तो कमी का नाही केलास? उलट वाढवलास! इथे माझेच गणित माझी साथ सोडते. कौशल्याचे पैसे वेगळे, असे मी म्हणते खरी, पण मग तुम्हाला रिफिलचा हिशेब समजावताना मी तास आणि मिनिटे कशाला मोजते, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

तूर्त नियम असे आहेत. तीन आठवड्यांच्या आत आलात आणि निदान ४० टक्के एक्स्टेन्शन शाबूत असतील तर रिफिल, नाहीतर फुल सेट. दुसऱ्याच्या हातचे काम असेल तर आधी तपासणी, आणि काढायचे असल्यास त्याचा दर वेगळा. नवा सेट माझ्याकडेच लावणाऱ्यांना काढण्याची रक्कम वजा करून द्यावी का, याबद्दल माझे मत दर काही महिन्यांनी बदलते. सध्या मी ती वजा करत नाही.