नॅरोगेजच्या डब्यातला खून आणि हरिपूरच्या आजी

साताऱ्याहून सांगलीपर्यंतचा प्रवास गर्दीत उभ्याने झाला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मिरजेबाहेरच्या एका मळ्यात नॅरोगेजचा जुना डबा आणून ठेवला आहे आणि त्यात एक हौशी नाट्यसंस्था खुनाच्या तपासाचे नाटक करते, हे कळल्यावर मला राहवले नव्हते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून सुटणाऱ्या ‘ब्रिटिश पुलमन’ या जुन्या डब्यांच्या गाडीत प्रवासी जेवत असताना त्यांच्यातच असे नाटक रंगते. आपला डबा जागचा हलत नाही. मात्र १८९७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचलेल्या बार्शी लाईट रेल्वेच्या रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते. त्यावरून धावणाऱ्या डब्यात नटाला प्रेक्षकांपासून दूर उभे राहायला जागाच नसते.

नट प्रवासी म्हणून आपल्या शेजारीच बसलेले असतात. दिवे जातात, परत येतात आणि हळदीचे एक आडते बाकावर मरून पडलेले दिसतात. त्यानंतर प्रेक्षकांनी संशयितांना प्रश्न विचारायचे आणि शेवटी चिठ्ठीवर खुन्याचे नाव लिहायचे. नियम एकच : संशयितांनी हवे ते लपवावे, पण खोटे फक्त खुन्यानेच बोलावे. त्यामुळे प्रत्येक नटाला आपल्या पात्राचा सबंध दिवस तोंडपाठ असावा लागतो.

माझ्या समोर हरिपूरच्या एक आजी बसल्या होत्या. आडत्याचा पुतण्या सांगत होता, “दुपारी पेव उघडलं आणि लगेच आत उतरून पोती मोजली.” हरिपूरची हळदीची पेवे म्हणजे जमिनीखालची कोठारे, २००५ च्या महापुरात त्यांतील कित्येक निकामी झाली. आजींनी त्याला तिथेच थांबवले. “उघडल्या उघडल्या पेवात कोण उतरतं रे बाळा? आतली हवा कोंदलेली असती. माणूस गुदमरून मरंल.”

डबा एकदम शांत झाला. संहितेत ही चूक राहून गेली होती हे उघड होते, आणि नियमाप्रमाणे खोटे बोलणारा तोच खुनी ठरत होता. त्या तरुण नटाने क्षणभर आजींकडे पाहिले, मान खाली घातली आणि म्हणाला, “नाही उतरलो, आजी. काठावरच बसलो होतो. गड्यांनी आकडा सांगितला, तो मी काकांना माझा म्हणून सांगितला. आताही तेच तोंडात आलं.” लेखकाची चूक त्याने आपल्या पात्राच्या आळशीपणावर घेतली आणि ते पात्र अधिक खरे झाले. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्या सांगलीचा नट असाच असावा, असे मला मनापासून वाटले.

आजींचे समाधान झाले नव्हते. “गड्यांची नावं सांग,” असे त्या म्हणत होत्या, तोच ध्वनिक्षेपकावरून जेवणाची घोषणा झाली आणि तपास तिथेच संपवण्यात आला. खुनी दिवाणजी निघाले. चिठ्ठ्यांमध्ये बहुतेकांनी पुतण्याचे नाव लिहिले होते. भरल्या वांग्याची भाजी उत्तम होती, यजमानांनी आग्रहाने वाढले, कशाचीही उणीव ठेवली नाही. तरीही आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पंगत आधी उरकून घ्यावी आणि प्रश्नांना निदान तासभर द्यावा. गड्यांची नावे त्या नटाला ठाऊक होती, हे त्याने मला हात धुताना सांगितले.