तुम्ही विचारलंत म्हणून: रोज ते बघून त्रास नाही का झाला?

उन्हाळ्यात इंटर्नशिप केली तेव्हापासून घरी येणारे पाहुणे, कॉलेजातल्या मॅडम, शेजारच्या काकू सगळे हेच विचारतात. अगं दिव्यांग मुलांच्या संस्थेत रोज जात होतीस, ते सगळं बघून त्रास नाही का झाला? उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही म्हणून लिहितेय.

झाला ना त्रास. मुलांचा नाही, त्यांच्याशी तर आठवडाभरात गट्टी जमली, मला सगळ्यात जास्त छळलं ते कागदांनी.

मी बी.कॉम.ची, क्रेडिट्ससाठी इंटर्नशिप लागते म्हणून गेले, आणि तिथल्या ताईंनी थेट यूडीआयडीच्या फॉर्मवर बसवलं. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, ऑटिझम, थॅलेसेमिया, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या जखमा सगळं आलं. कार्डाचे रंग तीन, अपंगत्व 40 टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं, त्याच्या वर निळं. आणि सगळा जीव त्या 40 वर अडकलेला असतो, कारण एसटीची 75 टक्के सवलत काय, सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण काय, अपंगत्व किमान 40 टक्के ठरलं तरच.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अक्का यायच्या, बिड्या वळतात, घरी तेलुगू बोलतात, मराठी मोडकंतोडकं. त्यांचा मुलगा एका पायाने अडखळत चालतो. वर्षभर त्या त्याला थेरपीला आणतात, घरीसुद्धा भिंतीला धरून चालायचा सराव करून घेतात, चार पावलं जास्त टाकली की सगळ्यांना सांगत सुटतात. आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, उद्या नीट चालू नको हं. पोरगं गोंधळून आईकडे बघत राहिलं. मला अक्कांचा राग नाही आला, अजिबात नाही. मुलगा सुधारला तर त्याचे हक्क जातील अशी भीती आईला वाटावी, याचा मात्र आला आणि तो अजून गेलेला नाही.

आधारचं तर विचारूच नका. पंधरा वर्षांच्या पुढं मुलांचे बोटांचे ठसे परत द्यावे लागतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही, ती असलेल्या मुलाची मूठ घट्ट आवळलेली, घाईने उघडायला गेलं की अजून आवळते, मागे रांग, काउंटरवरचा माणूस वैतागलेला. ठसे घेता येत नसतील तर त्याशिवाय नोंदणी करायची सोय आधारच्या नियमांतच आहे, पण ते त्या माणसाला माहीत नव्हतं, आम्ही सांगितल्यावर तो साहेबांना विचारायला गेला. आणि हे सगळं पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वडिलांनी एवढ्या मोठ्या मुलाला पाठीवर घेऊन सोलापूरच्या मे महिन्यात जिना चढवलेला. 2017 ला त्या 2016 च्या कायद्याचे नियम आले, तिथून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. म्हणजे 2022 लाच मुदत संपली.

तुम्ही मला त्रासाचं विचारता, तिथले आईबाप मला वेगळंच विचारायचे. आमच्यानंतर कोण? फॉर्मवर सही करता करता, चहा पिता पिता, एकदम. त्याला मी काय उत्तर देणार, मी वीस वर्षांची. पण ताईंनी एक गोष्ट शिकवली ती सांगते कारण सोलापुरात मला भेटलेल्या बहुतेक घरांना ती माहीतच नव्हती. मूल 18 चं झालं की कायद्याने सज्ञान, मग त्याच्या वतीने सही करायचा अधिकार आईवडिलांनाही आपोआप राहत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्यात समिती असते, कलेक्टर तिचे अध्यक्ष, अर्ज आईवडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणी असलेली संस्थासुद्धा करू शकते. त्याच नॅशनल ट्रस्टची, म्हणजे त्या कायद्याखालच्या केंद्र सरकारच्या संस्थेची, निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चसुद्धा धरतात. अक्कांच्या शेजारणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवून परत पहिल्यापासून सांगायला लावलं, मग मुलीला बोलावून लिहून घेतलं.

आता कॉलेज सुरू झालंय, तरी शनिवारी मी फॉर्म भरायला जाते. तुमच्या गल्लीत, नात्यात असं मूल असेल आणि ते 18 ला टेकलं असेल तर त्यांना एवढं सांगा, आणि बरोबर कोणी नसेल तर तुम्ही जा.