आमची वाटचाल : कूलरपासून सप्रेम भेटीपर्यंत

नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या वस्तूंच्या दुकानाची सुरुवात कूलरपासून झाली. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, आणि बदली होऊन गावाबाहेर जाणारी कुटुंबे पत्र्याचे अवजड कूलर बरोबर नेत नाहीत. असे कूलर आम्ही पावसाळ्यात पडत्या भावाने घेत असू आणि पंप बदलून, जाळ्यांत नवे गवत भरून फेब्रुवारीअखेर विकत असू.

कूलरमागून फर्निचर आले, फर्निचरमागून भांडी आली. १९५६ मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तरी राजधानीच्या दिवसांतली ऐसपैस घरे शहरात बरीच वर्षे टिकून होती. आता ती एकेक करून पडत आहेत. त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या लिफ्टमध्ये सागवानी कपाट मावत नाही आणि फ्लॅटच्या बाथरूममध्ये घंगाळाला जागा नसते. आमचा बहुतेक माल अशाच घरांतून येतो.

या धंद्यातील पहिला मोठा फटका आम्हाला एका दिवाणाने दिला. लाकूड अस्सल होते आणि भावही बरा जमला होता, परंतु सांध्यांत ढेकूण होते, हे पंधरा दिवसांनी शेजारच्या तीन गाद्या फेकून द्याव्या लागल्या तेव्हा कळले. तेव्हापासून आलेले प्रत्येक लाकडी सामान आधी अंगणात जाते आणि उन्हाळा असेल तर काळ्या प्लास्टिकखाली चार दिवस तापते. नागपूरचे ऊन एवढ्या एका बाबतीत तरी आमच्या बाजूचे आहे.

दुसरी चूक आम्ही हौसेने केली. जुने दुकान म्हणजे अडगळ, अशी लोकांची समजूत पुसून काढावी म्हणून काचेची कपाटे केली, भांडी चिंचेने घासून लखलखीत केली, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावली. ग्राहक येत, चिठ्ठ्या वाचत आणि पाच मिनिटांत निघून जात. पूर्वी हेच लोक जमिनीवर उकिडवे बसून खोक्यांत हात घालत, अडकित्ता चालवून पाहत, झाकण नसलेल्या डब्याला दुसऱ्या ढिगातले झाकण बसते का ते तपासत आणि बसले की विजयी चेहऱ्याने आमच्याकडे पाहत. तो तासभराचा शोध आम्हीच त्यांच्या हातून काढून घेतला होता. चार महिन्यांनी काचा विकून टाकल्या आणि खोकी परत मांडली.

खरी गर्दी असते ती नावे घातलेल्या भांड्यांपाशी. ‘चि. सौ. कां.’पासून सुरू होऊन ‘मामाकडून सप्रेम भेट’पर्यंत पोहोचणारी ठिपक्यांची ओळ वाचण्यासाठी लोक तांब्या खिडकीच्या उजेडात धरून फिरवतात. एक काकू भंडाऱ्याकडचा जाड बुडाचा पितळी गंज, म्हणजे पातेले, घेऊन गल्ल्याशी आल्या आणि म्हणाल्या, “नाव तं आमचं नाही जी, पण आडनाव तेच हाये.” त्यांनी भावात घासाघीस केली नाही, हे सांगितले पाहिजे, कारण महालात असे सहसा घडत नाही. गंजाला आतून कल्हई करून घ्या, नाहीतर आंबट वरण कळकेल, एवढे आम्ही आठवणीने सांगितले. काही जण नाव घासून देण्याची मागणी करतात. ते काम आम्ही घेत नाही. भांडे पातळ होते हे त्याचे एक कारण, आणि दुसरे कारण म्हणजे आमचीही इच्छा होत नाही.

आता मुलगा नव्या मालाचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो, आणि कूलर, कपाटे यांची निम्मी विक्री त्यावरच होते. भांड्यांचे फोटो मात्र तो टाकत नाही. रिकाम्या होणाऱ्या घरांतून आलेल्या ट्रंका आठवडाभर तशाच ठेवतो आणि रविवारी सकाळी १० वाजता, आलेल्या लोकांसमोर उघडतो. गेल्या रविवारी एका ट्रंकेतून चार पितळी डबे, विळीचे पाते आणि लाल कापडात गुंडाळलेला पुरणयंत्राचा फक्त दांडा निघाला. दांडा अर्ध्या तासात विकला गेला. घेणाऱ्या गृहस्थांकडे बिनदांड्याचे पुरणयंत्र वीस वर्षांपासून पडून होते.