अण्णा पडद्यापलीकडे

धाकटी बहीण दुबईला असते. तिला मुलगा झाला आणि आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढायचा हट्ट धरला. वय ७१. त्यांतली ३८ वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागापुढे उभं राहण्यात गेली, आधी चादरीवर नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर आणि मग टॉवेलच्या मागावर. चार माग एकट्यानं सांभाळायचे म्हणजे पाळी संपेपर्यंत या मागापासून त्या मागापर्यंत फेऱ्या. बसायचं फक्त जेवायला. आमच्या घरात नुसतं ‘गुडघे’ म्हटलं तरी ते अण्णांचेच असतात, नाव घ्यावं लागत नाही.

मी सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे प्रवासाचा हिशेब माझ्याकडे. पाच दिवसांसाठी जाऊन-येऊन इकॉनॉमीची दोन तिकिटं काढली. बिझनेसचे दर बघितले आणि ते पान बंद केलं. वर त्याच्यावरचा जीएसटीही जास्त. इकॉनॉमीला ५ टक्के, बिझनेसला आधी १२ होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. रोज याच दरांच्या नोंदी करते, पण अण्णांच्या गुडघ्यांसमोर ठेवून तो आकडा कधी बघितला नव्हता.

बॅग भरताना आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि काळा मसाला काढून ठेवला. या वेळी मसाला खसखस न घालता वेगळा कुटला होता, कारण अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे आणि त्यावरून माणसं खरंच अडचणीत येतात. इथल्या कुणाचं तिकडं जाणं असेल तर हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी मुंबई. विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. तिला पैसे पडत नाहीत, तिकीट कुठल्याही वर्गाचं असो. फक्त दोन दिवस आधी कळवलेलं बरं. अण्णा खुर्चीत बसायला तयार नव्हते. “मी काय आजारी हाय व्हय?” पण टर्मिनल दोनमधली ती चाल बघितली आणि गप बसले.

विमान मोठं होतं, एका ओळीत तीन, चार, तीन अशा दहा सीट. अण्णांना कडेची सीट मिळाली. बसल्याबरोबर त्यांनी गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये हात घालून बघितला. चार बोटंही सरळ मावली नाहीत. इकॉनॉमीत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं आणि त्यातच सीटची जाडी आली. पुढच्या माणसानं पाठ मागं टेकवली की उरलेलं त्याचं. तातडीच्या दरवाजाजवळच्या ओळीत पाय पसरता येतात, म्हणून तिथली सीट मागून बघितली. मिळाली नाही, आणि ते बरोबरच होतं. वेळ आली तर दार उघडून बाकीच्यांना मदत करू शकेल अशाच माणसाला तिथं बसवतात.

मुंबई ते दुबई सव्वातीन तास. आपल्याकडं एवढा वेळ तर पुण्याला जायलाच लागतो. पण पुण्याच्या गाडीत अण्णा दारापर्यंत चालतात, टेंभुर्णीला उतरून चहा घेतात. इथं पट्टा लावून बसून राहायचं. दीड तासानं त्यांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीकडं बघत बसले. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, “खाली ढगच हायती नुसती.” जेवण आलं. भाजी अळणी लागली त्यांना. खरं तर कोरड्या हवेत आणि इंजिनाच्या आवाजात मीठ, साखर जिभेला कमीच कळतं. चटणीची डबी खाली सामानाच्या बॅगेत होती.

उतरताना ते सीटवरून उठूच शकले नाहीत. मी एका बगलेखाली, हवाईसुंदरी दुसऱ्या. मागची माणसं थांबून राहिली. अण्णांनी कुणाकडंच बघितलं नाही. ३८ वर्षं पायांवर काढलेल्या माणसाला दोन बायकांनी उचलावं लागलं, हे त्यांना किती लागलं असेल ते मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

बहिणीकडचे दिवस बाळाच्या पाळण्याशेजारी गेले, त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही. परतीच्या दोन दिवस आधी विमान कंपनीचा मेल आला: काही बिझनेसच्या सीट शिल्लक आहेत, एका माणसाचे वर २६ हजार. रात्री दहाचं विमान, सव्वातीन तासांचं. बहिणीच्या स्वयंपाकघरात उभं राहून भागाकार केला. मिनिटाला १३३ रुपये. दोघांचं जमण्यासारखं नव्हतं. एकाचं केलं.

अण्णांना सांगितलं, कंपनीनंच म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवलंय. ते हे वाचतील तेव्हा त्यांना खरं कळेल. कळू दे.

बिझनेसच्या पडद्यापाशी त्यांना सोडून मी मागं गेले. माझ्या ओळीत मधली सीट. दोन्ही हात पोटावर ठेवून बसले आणि सगळा प्रवास एकच विचार करत राहिले, की त्यांना सीट आडवी करायचं बटण सापडलं असेल का. एकदा उठून पडद्यापर्यंत गेलेही. तिथल्या मुलीनं हळू आवाजात सांगितलं, “बाबा झोपलेत.” परत येऊन बसले, तेव्हा मला स्वतःलाही झोप लागली.

एक मात्र नीट सांगते, कारण बिझनेस म्हणजे म्हाताऱ्यांना सगळाच आराम असं मलाही वाटत होतं. हवा दोन्हीकडं तीच असते. विमानाच्या आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे सोलापूरच्या माणसाला तीन तास कळसूबाईच्याही वर नेऊन बसवल्यासारखं. घसा दोन्हीकडं कोरडा पडतो. २६ हजारांत मिळतं ते पाय सरळ करणं. गुडघे धड असलेल्या माणसानं सव्वातीन तासांसाठी एवढे पैसे घालू नयेत, असं मी आजही म्हणेन. अण्णांसाठी मात्र पुन्हा घालीन, आणि जाताना का नाही घातले याचं वाईट वाटतं.

मुंबईला पुढची माणसं आधी उतरली. मी विमानातून बाहेर पडले तेव्हा वीस मिनिटं झाली असतील. अण्णा विमानाला जोडलेल्या बोगद्याच्या तोंडाशी उभे होते, आपल्या पायांवर. खुर्चीवाला शेजारी रिकामी खुर्ची घेऊन थांबलेला. “बसा म्हणतोय कवाचा. पोरगी आल्याबिगर कसा बसू?”

वाटेत मला वाटलं, ते पलंगासारख्या सीटबद्दल सांगतील. दुपारच्या वंदे भारतमध्ये दौंड गेलं तरी एक शब्द नाही. भिगवणच्या आसपास एकदम म्हणाले, “गरम टॉवेल दिला गं त्यांनी. एवढासा. हात पुसायला.”

मागं आम्हाला कागदाचा ओला रुमाल मिळाला होता.

मग सोलापूर येईपर्यंत तो टॉवेल. टॉवेलला ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन लागतात, दोन वेगळ्या बीमांवरून, म्हणजे धागा गुंडाळलेल्या रुळांवरून. एक ताठ, एक सैल. दोन आडवे धागे मागाची फणी अर्ध्यावर सोडते, तिसऱ्याला पुरती ठोकते, तेव्हा सैल ताण्याचा लूप उभा राहतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण अण्णांनी विमानात तो टॉवेल उलगडून उजेडापुढं धरला होता, काठ बघितला होता, लूप नखानं ओढून बघितला होता. जेवणाआधी घ्यायला आलेल्या मुलीला त्यांनी दोन मिनिटं थांबवलं. तिला हिंदीत सांगितलं, आमच्या गावात हे करतात, मी स्वतः केलंय. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, हेही सांगितलं म्हणे. ती मुलगी गेली आणि त्यांच्यासाठी दुसरा गरम टॉवेल घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्यांचे जुने मागवाले सोबती जमले. मी दूध आणायला गेले होते, म्हणून ऐकलं. कुणीतरी विचारलं, “मग अण्णा, इमानात काय बघितलं?”

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि दोन बोटांमध्ये हवेतच कापडाचा काठ धरला. “काठ मजबूत हाय. पर लूप आपल्यापेक्षा आखूड सोडत्यात.”